नागाच्या पिल्लांना ती सॉरी का नाही म्हणाली?

श्रावणातल्या कहाण्यांचं आमच्या घरातलं पुस्तक माझ्या आजीच्या वेळचं आहे, पानं सुटी झालीत, मधेमधे कुंकवाचे डाग, एका पानावर तर तुपाचं अख्खं बोट उमटलंय. मागच्या नागपंचमीला ते वाचायचं काम माझ्यावर आलं कारण आईचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. समोर माझा भाचा, वय वर्षं सहा, ताटलीत पुरणाचं दिंड, आणि त्यातलं पुरण बोटानं कोरून काढण्यात साहेब मग्न. म्हटलं हा काय ऐकतोय.

कहाणी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. आटपाट नगर, तिथं एक ब्राह्मण, त्याला पाच-सात सुना. नागपंचमीला कुणी माहेरी गेली, कुणी आजोळी, कुणी पणजोळी, धाकटीला मात्र माहेरचं कुणीच नाही. ती मनाशी म्हणते मला न्यायला नागोबाच येईल. शेषाला तिची दया येते, तो ब्राह्मणाच्या वेषात दारात हजर, मी हिचा मामा. सासरा चक्रावतो, इतके दिवस हा मामा होता कुठं? पण ती म्हणते हाच माझा मामा. मग मामा तिला बिळात नेतो, खरं काय ते सांगतो, आणि घरच्यांना ताकीद देतो की हिला कुणी चावायचं नाही. पुढं नागीण बाळंत होते तेव्हा दिवा धरायला हीच, पिल्लं वळवळायला लागतात, ही घाबरते, दिवा हातातून पडतो आणि पिल्लांची शेपटं भाजतात. नागीण चिडते, पण नाग तिला भरपूर संपत्ती देऊन सासरी पोचवतो. पिल्लं मोठी होतात, आईला विचारतात आमच्या शेपट्या कशानं तुटल्या, आणि कळल्यावर सूड घ्यायला हिच्या घरी येतात. दिवस नेमका नागपंचमीचा. हिनं भावांची खूप वाट बघितलेली असते, ते येईनात म्हणून पाटावर आणि भिंतीवर नागांची चित्रं काढते, दूध आणि दिंडांचा नैवेद्य दाखवते आणि म्हणते, माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा जिथं असतील तिथं खुशाल असोत. बाहेरून हे सगळं बघणाऱ्या भावांचा राग तिथंच उतरतो. रात्री ते तिथंच राहतात आणि पहाटे दुधात नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणून मी पुस्तक मिटलं, तर हा कोरलेलं दिंड तसंच ठेवून विचारतो, "आत्या, पण ती त्यांना सॉरी का नाही म्हणाली?"

मला पटकन काही सुचलं नाही. म्हणजे शाळेत यांना दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणायला लावतात, त्यामुळं प्रश्न एकदम बरोबर होता. आणि कितीतरी वर्षं ही कहाणी ऐकून मला एकदाही पडला नव्हता.

तिथून मी जरा शोधायला लागले. मुलांवर गोष्टींतून संस्कार होतात हे आपण सगळे म्हणतो, व्हॉट्सॲपवर रोज एक बोधकथा येऊन पडते, पण ते होतं कसं? गोष्ट कानातून आत जाते आणि कधीतरी गुण होऊन वागण्यात दिसते, या दोन्हींच्या मधे काय घडतं? आणि त्यासाठी नाग, यक्ष, वेताळ, राक्षस ही मंडळी कशाला लागतात, शेजारच्या काकूंची गोष्ट सांगून तेच काम होत नाही का?

तर होतं, आणि कधीकधी जास्त चांगलं होतं, हे वाचून मी थोडी हिरमुसलेच. कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांची मुलं, प्रत्येकाला दहा स्टिकर द्यायचे आणि सांगायचं की ज्याला मिळाले नाहीत त्याच्यासाठी तुला हवे तेवढे ठेव. मग पुस्तक वाचून दाखवायचं. काही मुलांना वाटून घेण्याची गोष्ट, त्यात माणसं. काहींना अगदी तीच गोष्ट, पण चित्रात माणसांसारखे वागणारे प्राणी. काहींना बियांबद्दलचं भलतंच पुस्तक. नंतर पुन्हा स्टिकर. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं आधीपेक्षा जास्त द्यायला लागली, प्राण्यांची ऐकलेली नाही लागली, उलट थोडं कमीच दिलं.

त्याआधी २०१४ मध्ये खरं बोलण्यावर असाच एक प्रयोग झाला होता, त्यात तीन ते सात वर्षांची मुलं. मागं ठेवलेल्या खेळण्याकडं वळून बघायचं नाही असं सांगून मोठं माणूस बाहेर जातं, पुष्कळ मुलं अर्थातच बघतात, मग एक गोष्ट आणि मग प्रश्न, की बघितलंस का? खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या लाकडी पिनोकिओची गोष्ट आणि आपली 'लांडगा आला रे आला', या दोन्हींनी मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याचं कौतुक केलं, त्या गोष्टीनं मात्र फरक पडला. आणि त्याच गोष्टीचा शेवट फिरवून खोटं बोलल्याची शिक्षा त्यात घातली तर तो फरकही गायब. (ती चेरीची गोष्ट त्याच्या चरित्रकारानं रचलेली मानतात, म्हणजे खरेपणा शिकवणारी गोष्टच खोटी, असो.)

म्हणजे नाक लांब होईल, लांडगा खाईल, याचा फार उपयोग नाही. आणि ससा-अस्वलाला शर्ट चढवूनही नाही. मग नागोबा रद्द करायचे का? मला नाही वाटत, कारण शर्ट घातलेलं अस्वल हे खरं म्हणजे शेजारचा बंड्याच असतो, फक्त मुखवटा लावलेला. तो शाळेत जातो, डबा खातो, हट्ट करतो. जुन्या लोककथेतला नाग किंवा यक्ष तसा नसतो. तो परका असतो, ताकदवान असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याची एक अट असते. माझ्या मते सगळी गंमत त्या अटीत आहे, शिंगं आणि सुळे हे वरचं डेकोरेशन.

महाभारतातला यक्षच घ्या. वनवासात पांडव तहानलेले, एकेक भाऊ तळ्यावर जातो, आवाज येतो की आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे मग पाणी पी. चौघंही न ऐकता पितात आणि पडतात. धर्मराज थांबतो, उत्तरं देतो, यक्ष खूश होऊन म्हणतो एका भावाला जिवंत करतो, कोण हवा सांग. इथं मुलांना सांगताना मी नेहमी थांबते. मुलं ओरडतात भीम! अर्जुन! साहजिक आहे, पुढं लढाई आहे. धर्मराज म्हणतो नकुल. का, तर आईचे... म्हणजे कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे.

आता हीच गोष्ट यक्षाच्या जागी एखाद्या दुष्ट राजाला बसवून सांगून बघा. मुलाचं डोकं लगेच पळवाटा शोधतं, त्या राजाला मारायचं ना, पोलिसांना बोलवायचं ना, भीमानं गदा का नाही मारली. यक्षाशी यातलं काहीच चालत नाही. त्याला लाच देता येत नाही, त्याची ओळख काढता येत नाही, त्याच्या वर कुणी साहेब नाही. सगळी दारं बंद केली की एकच गोष्ट उरते, समोरच्यानं काय निवडलं. धर्मराजाचा न्याय एरवी दरबारातल्या भाषणात हरवून गेला असता, तळ्याकाठी चार प्रेतांच्या मधे तो सहा वर्षांच्या पोरालाही दिसतो.

शिवाय मुलाच्या उंचीवरून बघा जरा. अवाढव्य, ताकदवान, आणि कारण न सांगता अटी घालणारे प्राणी त्याच्या घरात असतातच की. दूध संपल्याशिवाय उठायचं नाही. दिवे लागल्यावर बाहेर जायचं नाही. राक्षसाची गोष्ट मुलांना पटकन कळते यात नवल कसलं.

अट म्हटलं की वेताळाशिवाय पुढं जाताच येत नाही. मध्यरात्र, स्मशान, राजानं झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतलंय, आत वेताळ. रस्ता कटावा म्हणून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. म्हणजे खरं बोललं तर नुकसान आणि नाही बोललं तर मरण. शेवटची गोष्ट सोडली तर राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी उलटा फिरून झाडाकडं जातो. आता गंमत बघा, आतल्या कित्येक गोष्टी लहान मुलांना सांगण्यासारख्या नाहीतच, नवराबायको, प्रेमप्रकरणं, मुंडकी छाटणं, काय काय. पण मुलं मोजत असतात ते बाहेरचं, आता कितव्यांदा गेला? वीसहून जास्त वेळा राजा हात हलवत परत जातो, एकदाही झाडाला लाथ मारत नाही. चिकाटी हा शब्द त्यात कुणी उच्चारतसुद्धा नाही.

त्यातली तीन नाजूक माणसांची गोष्ट आमच्याकडं सुपरहिट आहे. एकाला भातात स्मशानाच्या धुराचा वास येतो, चौकशी केल्यावर कळतं की शेत खरंच स्मशानाशेजारचं. दुसरा बाईच्या सहवासाबाबत नाजूक, तो मी गाळते. तिसरा सात गाद्यांवर झोपतो आणि ओरडत उठतो, अंगावर लाल वळ, सगळ्यात खालच्या गादीखाली एक केस. सर्वांत नाजूक कोण? राजा म्हणतो गादीवाला, कारण त्याचा वळ डोळ्यांना दिसला, बाकीच्यांनी आधीच कुणाकडून माहिती काढली असेल. मला हे उत्तर भयंकर आवडतं, पुराव्याशिवाय कुणाचं ऐकू नकोस हे यापेक्षा हलकं करून कसं सांगणार.

आणि जीमूतवाहनाची गोष्ट. गरुडाचा आणि नागांचा करार, रोज एक नाग शिळेवर पाठवायचा. शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते, आई आक्रोश करतेय, ते बघून जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र त्याच्या जागी जाऊन बसतो. गरुड त्याला उचलून नेतो, खायला लागतो. तेवढ्यात देवाला नमस्कार करायला गेलेला शंखचूड परत येतो, रक्त बघतो आणि गरुडाच्या मागं धावत सुटतो, अरे थांब, चुकीचा माणूस धरलास, नाग मी आहे! शेवटी जीमूतवाहन वाचतो, गरुडाला लाज वाटते आणि तो नाग खाणं सोडतो. वेताळ विचारतो दोघांत मोठा कोण. आपण म्हणणार जीमूतवाहन. राजा म्हणतो शंखचूड, कारण त्यागाची सवय जीमूतवाहनाला जन्मोजन्मीची होती, पण हा मरणातून सुटला होता, गप्प बसला असता तरी चाललं असतं, तरी स्वतःहून धावला. आमच्या भाच्याचं उत्तर तिसरंच आलं, म्हणाला गरुड, कारण त्याला भूक लागली होती तरी त्यानं सोडलं. मी वेताळ असते तर झाडावर परत जायचा विचार सोडून दिला असता.

या गोष्टी आपल्याकडं प्रामुख्यानं सोमदेवाच्या कथासरित्सागरातून आल्या, अकराव्या शतकातलं काश्मीर, राणी सूर्यवतीसाठी लिहिलेला ग्रंथ. पण सोमदेव स्वतःच सांगतो की मूळ गुणाढ्याची बृहत्कथा, आणि गुणाढ्य म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला. त्याची दंतकथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जलक्रीडेत राणी राजाला म्हणते 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका, आणि राजाचं संस्कृत कच्चं, तो मोदक मागवतो. राणी हसते, राजा खचतो, संस्कृत शिकायचं ठरवतो. गुणाढ्य म्हणतो सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित म्हणतो मी सहा महिन्यांत शिकवतो, आणि शिकवतोही. पैजेत हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या जंगलात जातो, तिथं पिशाच्चांची भाषा शिकतो, आणि गोष्टी त्याला सांगतो कोण, तर शाप मिळून पिशाच्च झालेला एक यक्ष. त्या सात लाख श्लोकांत लिहून काढल्या तर पिशाच्चांच्या भाषेतलं बाड म्हणून राजा नाकारतो. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवून जाळायला लागतो, जनावरं चरायचं विसरून ऐकत राहतात, वाळतात, आणि राजाच्या ताटात मांस सुकं येतं म्हणून चौकशी होते. तोवर सहा लाख जळालेले, एक लाख वाचले. थोडक्यात गोष्टी पिशाच्चाच्याच, असं पहिल्यापासून कबूल केलेलं आहे.

अटीशिवाय आणखी एक जुनी पद्धत आहे, दोषालाच शरीर द्यायचं. ब्रह्मराक्षस कोण? विद्या भरपूर, पण कुणाला दिली नाही किंवा तिचा गैरवापर केला, तो मेल्यावर झाडावर बसतो. पुरलेल्या धनावर नाग का? आयुष्यभर पैशावर बसून राहिलेला माणूस मेल्यावरही उठत नाही म्हणून. मुलाला कंजूष शब्दाचा अर्थ सांगायची गरजच पडत नाही, स्वतःच्याच हंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साप डोळ्यांसमोर येतो, ना खातो ना खाऊ देतो.

पण याच पद्धतीत एक घाण आहे ती दडवून चालणार नाही. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते असं सांगतात. तिचा दोष काय? ब्रह्मराक्षसानं निदान काहीतरी केलं होतं, हिनं तर फक्त जीव गमावला. अशी गोष्ट काही गुणबिण शिकवत नाही, मोठ्यांच्या मनातली बाईबद्दलची भीती तेवढी पोरांच्या अंगात भरते, आणि पुढं तीच भीती एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवण्यापर्यंत जाते, ज्याच्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मी हडळीच्या गोष्टी सांगत नाही. मुंज्याच्या सांगते, मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला तो पोरगा, पिंपळावर एकटाच बसलेला, त्याचं मुलांना भय कमी आणि वाईट जास्त वाटतं.

आणि बागुलबुवा? त्याची गोष्ट कधी ऐकलीय का कुणी? नाही, कारण त्याला गोष्टच नाही. नुसतं नाव. झोप नाहीतर बागुलबुवा येईल. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याची अट पाळून सुटता येत नाही, तो शेवटी खूश होऊन हार ठेवून जात नाही. तो वॉचमन आहे, रात्रपाळीचा. त्यानं पोरगं झोपतं, बाकी काही होत नाही. संध्याकाळी सात वाजता मी पण वापरलाय, उगाच साधुत्वाचा आव आणत नाही.

सांगायची पद्धत म्हणाल तर मी एकच करते, उत्तर येण्याआधी थांबते. वेताळ पण तेच करतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओत नेमकं हेच होत नाही, तिथं गोष्ट संपायच्या आत खाली पट्टी येते, तात्पर्य अमुक तमुक, आणि मूल पुढचा व्हिडिओ लावतं. थांबलं की मूल चुकीचं उत्तर देतं, मग वाद घालतं, मग दोन दिवसांनी आंघोळ करताना एकदम म्हणतं, पण नकुललाच का, सहदेवला का नाही? (याचं उत्तर माझ्याकडं नाही. सहदेवाचे फॅन नाराज असतात.)

तर ते सॉरी. मला उत्तर सुचायला आठवडा लागला. मी त्याला म्हटलं, समज ते भाऊ दारात फणा काढून उभे आहेत आणि ती सॉरी म्हणाली, तर त्यांना काय वाटलं असतं? तो म्हणाला, घाबरून म्हणतेय. बरोबर. म्हणून गोष्टीनं त्यांना बाहेर ठेवलं आणि हिला कळू दिलं नाही. ती एकटी आहे, ऐकणारं कुणी नाही, माहेर म्हणून आहे ते एवढंच, आणि तेव्हा तिच्या तोंडून निघतं की ते खुशाल असोत. कहाणीतल्या पोरीनं नाग धरून आणला नाही हेही लक्षात घ्या, चित्रं काढली फक्त, त्यामुळं नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला दूध पाजायला निघालेल्यांनी कहाणी एकदा नीट वाचावी, सापाला दूध पचत नाही. भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तरी पण नंतर म्हणायला पाहिजे होतं. पटलं मला.

मे महिन्यात त्याला घेऊन आम्ही आरवलीला गेलो होतो, वेंगुर्ल्याजवळ, वेतोबाला. ज्या वेताळाची झाडावरची दहशत त्यानं वर्षभर ऐकली, तो इथं गावाचा राखणदार आहे, केळ्यांचे घड घेतो, आणि लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. मी त्याला हे सांगितलं. एवढ्या मोठ्या चपला बघून पहिला प्रश्न साईजचा आला, मग आपला पाय शेजारी ठेवून मोजून झालं. मग तो एका चपलेचा तळ वाकून वाकून बघायला लागला, खरंच झिजलाय का.

बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प. गाडीत बसताना विचारलं, "आत्या, तो रात्री एकटाच फिरतो? त्याच्याबरोबर कोणी नसतं?"